‘झोपांदे तेका, सकाळी उतारतली’: एका रात्रीत ढोसलेली दारू शरीरात काय करते

किनाऱ्यावरच्या एका ग्रामीण रुग्णालयात मी पंचवीस वर्षं परिचारिका होते. शिमगा, गटारी, गावातली एखादी हळद आणि थर्टीफर्स्ट या रात्रींची ड्युटी असली की आम्ही संध्याकाळीच सक्शन मशीन चालू करून बघायचो आणि ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे ना, याची खात्री करून घ्यायचो. कोणीतरी येणार हे ठरलेलं असायचं.

अशाच एका थर्टीफर्स्टनंतरच्या पहाटे चार मुलं पाचव्याला रिक्षात आडवा घालून घेऊन आली. वय एकवीस-बावीस. रात्री साडेबाराच्या सुमारास तो ‘आउट’ झाला, म्हणून मित्रांनी त्याला खोलीत नेऊन गादीवर उताणा निजवला, अंगावर चादर घातली, दार लोटून घेतलं आणि सगळे परत गच्चीवर गेले. ‘झोपांदे तेका, सकाळी उतारतली,’ असं कोणीतरी म्हणालं होतं. पहाटे एकजण मोबाइलचा चार्जर घ्यायला खोलीत गेला, तेव्हा त्याचे ओठ निळे पडलेले दिसले. झोपेतच उलटी झाली होती आणि ती बाहेर न पडता श्वासनलिकेत गेली होती. आम्ही पाऊण तास झटलो. तो वाचला नाही.

ते मित्र वाईट नव्हते. त्यांनी आठवणीने चादर घातली होती. त्यांना एकच गोष्ट माहीत नव्हती: माणूस झोपला म्हणून त्याची दारू चढायची थांबत नाही. ही एक गोष्ट नीट कळावी म्हणून मी हे लिहिते आहे. बाकीचं सगळं तिच्याच अनुषंगाने येईल.

पिणं आणि ढोसणं

आपल्या भाषेत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत आणि ते बरोबरच आहेत. दारूचा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो रोज संध्याकाळी तिठ्यावर डुलणारा, हात थरथरणारा माणूस. तरुण मुलं स्वतःला त्याच्याशी ताडून बघतात आणि निश्चिंत होतात. ‘मी काय रोज पितो? महिन्यातून एकदा बसतो मित्रांबरोबर.’ पण त्या एकदा बसण्यात किती पोटात जाते आणि किती वेळात जाते, धोका तिथे असतो. महिनाभर थेंबही न घेतलेला मुलगा एका रात्रीत मरू शकतो. उलट त्याच्या शरीराला सवय नसते म्हणून तो लवकर कोसळतो.

ढोसणं म्हणजे नेमकं किती? जागतिक आरोग्य संघटनेने आकडा धरला आहे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोलचा. एका बैठकीत तेवढं किंवा त्याहून जास्त पोटात गेलं, तर ते जोखमीचं अतिमद्यपान. महिन्यातून एकदा झालं तरी मोजलं जातं. आता ग्रॅममध्ये कोणी दारू पीत नाही, म्हणून हिशोब करून दाखवते. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, व्होडकाच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. क्वार्टर म्हणजे १८० मिली. त्यातले साधारण ७७ मिली शुद्ध अल्कोहोल. अल्कोहोल पाण्याहून हलकं असतं, म्हणून वजनात ते भरतं ६० ग्रॅमच्या आसपास.

म्हणजे एक क्वार्टर हीच ती रेषा.

मी ड्युटीवर विचारायची, ‘कितकी घेतल्यान?’ आणि उत्तर यायचं, ‘जास्त नाय सिस्टर, एकच क्वार्टर.’ पोरं खोटं बोलत नसायची. त्यांना खरंच वाटायचं की क्वार्टर म्हणजे काहीच नाही, कारण बाजारात मिळणारी ती नेहमीची छोटी बाटली. बाटली छोटी आहे म्हणून माप छोटं होत नाही.

बियरचंही तेच. ‘फक्त बियर घेतली’ हे तर आईवडिलांनाही पटतं. पण स्ट्राँग बियरमध्ये ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं. ६५० मिलीची अशी एक बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, तीस-तीस मिलीचे चार पेग. दीड बाटलीत क्वार्टरची बरोबरी झाली. ५०० मिलीचे दोन स्ट्राँग कॅन घेतले तरी तेच. माडीचा तर हिशोबच लागत नाही. सकाळची माडी गोड, दिवस चढेल तशी ती आंबत जाते आणि तिच्यातलं अल्कोहोलही वाढत जातं. सकाळी घेतली तेवढीच संध्याकाळी घेतली, तर ती तेवढीच नसते.

बायकांच्या बाबतीत रेषा आणखी अलीकडे येते. त्याच वजनाच्या पुरुषापेक्षा बाईच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असतो, आणि अल्कोहोल मिसळतं ते पाण्यात. त्यामुळे तेवढ्याच पेगला तिच्या रक्तातलं प्रमाण जास्त होतं. इथे एक सांगावंसं वाटतं. मुली हल्ली पितात याची चर्चा गावात फार चवीने होते. माझ्या अनुभवात त्या चर्चेमुळेच मुली दवाखान्यात उशिरा पोचतात. मैत्रिणी घाबरून खोलीचं दार लावून बसतात. बोलणाऱ्यांनी एवढा तरी विचार करावा.

एकच फेरीबोट

दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरीबोट तुम्ही पाहिली असेल. एका खेपेला ठरावीक गाड्या घेते आणि खाडी पार करून देते. शनिवारी पर्यटकांची रांग वरच्या वळणापर्यंत गेली म्हणून बोट जोरात धावत नाही. रांग धक्क्यावरच थांबते.

आपलं यकृत अगदी असंच काम करतं. पोटात गेलेली दारू रक्तात उतरते, त्यातली बहुतेक लहान आतड्यातून. रक्तातून ती यकृतात येते. तिथे तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर होतं आणि मग त्याचं निरुपद्रवी ॲसिटेटमध्ये. हे काम तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम या वेगाने चालतं, म्हणजे तासाला एक लहान पेग. उरलेली दारू रांगेत थांबते, आणि ही रांग लागते ती तुमच्या रक्तात. ते रक्त मेंदूतून, हृदयातून, फुप्फुसांतून फिरत राहतं.

आता गच्चीवरचा तो मुलगा आठवा. शेवटच्या अर्ध्या तासात त्याने ‘बॉटम्स अप’ करत दोन-तीन मोठे पेग रिकामे केले आणि मग आडवा झाला. त्या क्षणी त्याने नुकतीच घेतलेली दारू अजून पोटातच आहे, रक्तात उतरायची आहे. तो झोपेत असताना पुढचा अर्धा-पाऊण तास, कधी त्याहूनही जास्त वेळ, त्याच्या रक्तातलं प्रमाण वाढतच जाणार. झोपताना शिव्या देत होता, बडबडत होता, म्हणजे ठीक होता, असं मित्र सांगतात. ती त्याची झोपतानाची स्थिती. खरी चढण पुढेच असते.

वेगाला एवढं महत्त्व आहे ते यामुळे. सहा लहान पेग रात्रभरात जेवत-बोलत घेतले, तर यकृताची बोट काही खेपा करून मोकळी होते. तेच सहा पेग तासाभरात गेले तर सगळी गर्दी एकदम धक्क्यावर. आपल्याकडची बसण्याची पद्धत या घाईला मदतच करते. कॉन्ट्री काढून बाटल्या आणलेल्या असतात, त्यामुळे आपल्या वाट्याची आधी संपवायची चुरस लागते. दिवसभर क्रिकेटची टुर्नामेंट खेळून किंवा समुद्रात डुंबून पोट रिकामं आणि अंग पाण्यावाचून सुकलेलं असतं. जेवण मात्र अगदी शेवटी, ‘आधी जेवलो तर चढत नाही’ म्हणून. ते खरंच आहे, भरल्या पोटी दारू आतड्यात हळू उतरते, आणि म्हणूनच आधी जेवायला हवं. पण जेवण दारूला रद्द करत नाही, फक्त उशीर करतं. सोड्यात किंवा कोल्ड्रिंकमध्ये मिसळलेली दारू काहीजणांना लवकर लागते. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळली तर त्यातल्या कॅफिनमुळे झोप उडते, पेंग येत नाही, आणि माणसाला वाटतं आपण शुद्धीत आहोत. रक्तातलं प्रमाण तेवढंच असतं.

उतरवायचे सगळे घरगुती उपाय या फेरीबोटीपुढे हरतात. काळी कॉफी, लिंबूपाणी, ताक, डोक्यावर गार पाण्याची बादली, अंगणात धरून फिरवणं, यांतल्या एकानेही यकृताचा वेग वाढत नाही. गार पाण्याने उलट अंग आणखी थंड पडतं, कारण दारूने शरीराची उष्णता आधीच बाहेर निसटत असते. घशात बोटं घालून उलटी करवणं तर अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या जिवाशी खेळ. आणि आमच्याकडे हमखास ऐकू येणारी मागणी: ‘सिस्टर, एक सलाइन लावा, म्हणजे उतरेल.’ सलाइनने दारू उतरत नाही. शरीरातलं पाणी भरून निघतं, रक्तदाब सांभाळता येतो, गरज पडल्यास ग्लुकोज देता येतं. दारूवर उतारा म्हणून कुठलंही इंजेक्शन नाही. दवाखान्यात आम्ही करतो ते एवढंच की श्वास चालू ठेवतो, साखर बघतो, अंग उबदार ठेवतो आणि यकृताला वेळ मिळवून देतो.

मेंदूत काय होतं

आपल्या मेंदूत पेशींना शांत करणारं एक रसायन असतं, गाबा, आणि चेतवणारं दुसरं, ग्लुटामेट. गाडीच्या भाषेत एक ब्रेक, दुसरं ॲक्सिलरेटर. दारू ब्रेक दाबते आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढते. मग सुरुवातीला मोकळं, उत्साही का वाटतं? कारण आधी ढिला पडतो तो मेंदूचा पुढचा भाग, जो आपल्याला आवरून धरतो. लाज, भीती, ‘हे करू नये’ ही जाणीव तिथली. प्रमाण वाढलं की तोल सांभाळणारा लहान मेंदू डळमळतो, जीभ जड होते. आणखी वाढलं की आठवणी नोंदवणारा भाग काम बंद करतो. सगळ्यात खाली, मानेच्या वर, मेंदूचं देठ असतं. श्वास घेणं, हृदयाची लय, घशात काही आलं तर ठसका लागणं, हे सगळं तिथून चालतं. दारू तिथपर्यंत पोचली की ठसका लागत नाही. उलटी होते, पण बाहेर टाकायची ताकद उरत नाही. त्या पहाटे आमच्याकडे आणलेल्या मुलाचं तेच झालं होतं.

आठवणींबद्दल थोडं थांबून सांगते, कारण पोरं याच्यावर हसतात. ‘काल काय केलं आठवतच नाही, पुरता ब्लॅकआउट!’ ब्लॅकआउट म्हणजे बेशुद्ध पडणं नव्हे. माणूस त्या वेळी चालत असतो, बोलत असतो, बाइकसुद्धा चालवत असतो. फक्त मेंदू काहीही लिहून ठेवत नसतो. त्यामुळे ती आठवण नंतर कितीही ताण दिला तरी परत येत नाही, कारण ती कधी तयारच झालेली नसते. रक्तातलं प्रमाण झपाट्याने चढलं की हे होतं. एकदा जरी झालं असेल तरी मेंदू काही काळ निम्मा बंद होता असं समजा. आणि अशा अवस्थेतल्या मुलीने ‘हो’ म्हटलं तरी ती संमती नव्हे. नशेमुळे जिला काय चाललंय ते समजत नाही, तिचा होकार कायदा होकार मानत नाही. मुलांच्या घोळक्यात हे कोणीतरी मोठ्याने सांगायला हवं.

तरुणपणी हे सगळं जास्त घातक का, याचं उत्तरही मेंदूतच आहे. मेंदूचा तो आवरून धरणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो, तर मजेची, बक्षिसाची ओढ लावणारा भाग त्याच्या बराच आधी जोरात असतो. शिवाय प्राण्यांवरच्या प्रयोगांत एक विचित्र गोष्ट दिसली आहे. दारूने येणारी पेंग आणि तोल जाणं कोवळ्या वयात प्रौढांपेक्षा कमी असतं, आणि स्मरणशक्तीवरचा परिणाम मात्र जास्त. ‘आता पुरे’ अशी घंटा प्रौढाच्या डोक्यात वाजते, ती पोराच्या डोक्यात उशिरा वाजते. तोवर तो चार पेग पुढे गेलेला असतो.

‘मला चढत नाही’ म्हणून मिरवणारा एक मित्र प्रत्येक घोळक्यात असतो. सगळे त्याचं कौतुक करतात, बाटलीची सूत्रं त्याच्याकडे देतात. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. ज्यांना सुरुवातीपासूनच दारू कमी जाणवते, त्यांना पुढे व्यसन लागण्याची शक्यता जास्त असते, हे बऱ्याच वर्षांच्या अभ्यासांतून पुढे आलं आहे. त्याच्या मेंदूला नशा कमी जाणवते, म्हणून तो जास्त पितो. यकृताला, स्वादुपिंडाला, हृदयाला ती पूर्ण पोचते. एका रात्रीच्या ढोसण्याने हृदयाची लय बिघडून आलेली धडधाकट मुलं मी पाहिली आहेत. स्वादुपिंडाला सूज आली की पोटात अशी कळ येते की माणूस गुडघे पोटाशी घेऊन लोळतो.

आपला किनारा, आपल्या तिथी

हे एवढं कोणत्याही गावाला लागू आहे. आपल्याकडे त्यात समुद्राची भर पडते.

गटारी येते आषाढातल्या अमावस्येला, ऐन पावसात. शिमगा फाल्गुनातल्या पौर्णिमेला. अमावस्या आणि पौर्णिमा म्हणजे उधाण, भरती-ओहोटीतला फरक सर्वांत मोठा. हे इथल्या प्रत्येक दर्यावर्दी घरातल्या पोराला ठाऊक आहे. तरीही ज्या दोन दिवशी दर्या सगळ्यात जोरात, त्याच दोन दिवशी आपण त्याच्या काठावर बसून ढोसतो. बाहेरून आलेल्या पर्यटकाला तर उधाण म्हणजे काय हेच माहीत नसतं. दारू अंगावरच्या रक्तवाहिन्या रुंदावते, म्हणून ऊब आल्यासारखं वाटतं, पाणी गार लागत नाही. लाट किती लांब आहे, पाय टेकतात का, याचा अंदाज चुकतो. ओढ लागली तर किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं असतं, पण ते सुचायला मेंदूचा तोच पुढचा भाग शाबूत लागतो. पोहायला येणारी माणसंही बुडतात ती यामुळे. दारू घेतली असेल तर पाण्यात पाऊलही नको, गुडघाभर पाण्यातसुद्धा नको.

दुसरी गोष्ट घाटाची. रात्री अकरापासून एकपर्यंत क्वार्टर घेतलेला साठ किलोचा मुलगा सकाळी सातला आंघोळ करून, पोहे खाऊन गाडीत बसतो. त्याला वाटतं, झोप झाली, उतरली. हिशोब बघा. सुरुवातीला त्याच्या रक्तात १०० मिलीला १२० मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असू शकतं आणि तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने ते उतरतं. गाडी चालवायला कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम. म्हणजे सातला तो जेमतेम त्या मर्यादेवर येतो. क्वार्टरच्या दीडपट घेतली असेल तर दुपार उजाडते. कशेडी किंवा भोस्ते घाटातली सकाळची वळणं तो अजून चढलेल्या अवस्थेत घेत असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. पहिल्यांदा पकडलं तर दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेच, पण मी बोलते आहे ते समोरून एसटीने येणाऱ्या माणसांबद्दल.

सिंधुदुर्गात आणखी एक कारण जवळच आहे. बांद्याच्या पलीकडे गोवा, आणि तिकडची दारू स्वस्त. स्वस्त मिळते म्हणून एकाच्या जागी चार बाटल्या भरल्या जातात आणि भरलेल्या संपवल्या जातात. किंमत कमी असली की तरुण जास्त पितात, हे जगभर दिसलेलं आहे. महाराष्ट्रात बियर-वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं आणि कडक दारूसाठी २५ वर्षं आहे, शिवाय परवाना लागतो. मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांतल्या बहुतेकांच्या हातात ती क्वार्टर कायद्याने यायलाच नको होती. ती येते, आणि देणारी माणसं आपल्यातलीच असतात.

गावठीबद्दल थोडक्यात लिहिते. मालाडच्या मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये शंभराहून अधिक माणसं मिथेनॉल मिसळलेल्या दारूने गेली. मिथेनॉल वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही, म्हणून दारू प्यायल्यावर काही तासांनी डोळ्यांपुढे धुरकट दिसायला लागलं तर ताबडतोब रुग्णालय गाठायचं.

समोर कोणी आडवा पडला असेल तर

हा भाग फोनमध्ये साठवून ठेवलात तरी चालेल.

आधी हाक मारा, मोठ्याने, नावाने. खांदा हलवा. कानाची पाळी जोरात चिमटा. डोळे उघडले, शिवी दिली, हात झटकला तर बरं. काहीच प्रतिसाद नसेल तर तो झोपलेला नाही, बेशुद्ध आहे. मग श्वास मोजा. छातीकडे किंवा पोटाकडे बघत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. मोठ्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस श्वास असतात. आठापेक्षा कमी भरले, किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांचा खंड पडला, तर एक क्षणही थांबायचं नाही. ओठ, नखं निळसर किंवा राखाडी दिसतात का पाहा. आपल्या सावळ्या रंगावर निळेपणा चटकन कळत नाही, म्हणून खालचा ओठ आतून आणि नखांची मुळं टॉर्चने बघा. अंग थंड आणि ओलसर लागणं, झटके येणं, बेशुद्धीत उलटी होणं, यांतली एकही गोष्ट पुरेशी आहे. सगळी लक्षणं जमायची वाट बघायची नसते. १०८ लावा. गाव आडबाजूला असेल आणि रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर १०८ वाल्यांशी बोलत बोलत गाडी काढा, पण गाडीतही त्याला उताणा झोपवू नका.

कुशीवर करायचं ते असं. डाव्या कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवून पुढे टेकवा म्हणजे तो पालथा पडणार नाही, वरच्या हाताचा तळवा गालाखाली द्या, हनुवटी किंचित वर आणि तोंड जमिनीकडे झुकलेलं. उलटी आली तरी बाहेर ओघळते. तोंडात पाणी, लिंबू, काहीही घालू नका. चादर घाला, पण दार लोटून जाऊ नका. कोणीतरी एकजण, न प्यायलेला, शेजारी बसायला हवा.

तो पडला असेल, बाइकवरून घसरला असेल, मारामारी झाली असेल, तर हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. दारूचा वास इतका दरवळतो की डोक्याचा मार त्याखाली लपतो. सगळे म्हणतात नशेत आहे, आणि आत रक्तस्राव होत असतो. रक्तातली साखर उतरली तरी माणूस असाच दिसतो. दारू असताना यकृताला साखर तयार करता येत नाही, आणि मधुमेहाचं औषध घेणाऱ्याला तर जास्तच धोका. काय घेतलं, किती, कधीपासून, सोबत गोळ्या किंवा आणखी काही घेतलं का, हे खरं सांगा. झोपेच्या गोळीबरोबर दारू गेली तर दोन्ही मिळून श्वास बंद पाडतात.

मुलं वेळेवर का येत नाहीत, हे मला त्यांनीच सांगितलं आहे. ‘आवशीक सांगू नकात, सिस्टर.’ आईला सांगू नका. बापसाचा मार, गावात होणारी बदनामी, पोलीस, होमस्टेवाल्याची बोलणी. या भीतीने ते दोन-तीन तास घालवतात, आणि तेच तास मोलाचे असतात. म्हणून मी आईवडिलांना हात जोडून सांगते, आजच घरात बोलून ठेवा. ‘कधी असं झालं तर मला फोन कर. रात्री कितीही वाजता कर. मी न्यायला येईन, आणि काय बोलायचं ते दुसऱ्या दिवशी बोलू.’ हे म्हणजे पिण्याला परवानगी देणं नव्हे. पोराने फोन करावा एवढीच सोय आहे.

व्यसनाचं काय, असं कोणी विचारेल. ढोसणारा प्रत्येकजण व्यसनी नसतो, बहुतेक नसतात. पण जितक्या कमी वयात सुरुवात, तितकी पुढे व्यसनाची शक्यता जास्त, हे पक्कं आहे. पंधराच्या आत सुरू करणाऱ्यांना तो धोका एकविशीनंतर सुरू करणाऱ्यांच्या कितीतरी पट असतो. सकाळी हात थरथरायला लागले आणि घोटभर घेतल्यावरच थांबायला लागले, तर एकदम स्वतःच्या मनाने सोडू नका. अचानक सोडल्याने झटके येतात, भ्रम होतो, जीवही जातो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं असतं. बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ते पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने उभं केलं, आणि कोकणातूनही माणसं तिथे जाऊन बरी होऊन आली आहेत. मी ओळखते त्यांतल्या काहींना.

निवृत्त झाल्यावर मी आमच्या वाडीतल्या क्रिकेट मंडळाच्या मुलांना एका दुपारी देवळाच्या सभामंडपात बसवून हे सगळं सांगितलं होतं. पिऊ नका, हे मी आधी सांगितलं, आणि ते सगळे ऐकणार नाहीत हेही मला माहीत होतं. म्हणून एकमेकांचे श्वास मोजायला लावले. आधी खिदळले. मग गप्प बसून, घड्याळ लावून मोजायला लागले. निदान एकाने न पिता राहायचं, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं.

गेल्या शिमग्याला रात्री दोन वाजता फोन वाजला. त्या रात्री ज्याची पाळी होती तो मुलगा होता. पलीकडे ढोल ऐकू येत होता.

‘सिस्टर, एक जण पडलो हा. मी मोजलंय. चौदा येतत.’

‘पुरं मिनिट मोजलंस?’

‘होय. दोनदा.’

‘हाक मारल्यावर डोळे उघडतो?’

‘उघडता. गाळी घालता.’

‘पडताना डोकं आपटलं का?’

‘नाय. माझ्या हातावरच इलो.’

‘कुशीवर आहे?’

‘हा. डाव्या.’

‘मग तिथनं हलू नकोस. पाच मिनिटांनी परत हाक मार, परत मोज, आणि मला सांग. मी फोन हातातच ठेवलाय. जागा झाला नाही, तर १०८ आधी, मी नंतर.’